पंधरा दिवसांची सवड

बाबांनी चेक बँकेत टाकला तो सोमवार होता, ६ ऑक्टोबर २०२५. दोनच दिवस आधी रिझर्व्ह बँकेने चेक वटवण्याची पद्धत बदलली होती. पूर्वी दिवसभराचे चेक साठवून गठ्ठ्याने पाठवले जायचे. आता ते स्कॅन होतील तसे सकाळपासून दुपारपर्यंत पुढे जातात आणि चेक ज्या बँकेचा आहे तिने त्याच संध्याकाळी सातपर्यंत हो किंवा नाही कळवायचं असतं. मी मोठ्या कौतुकाने बाबांना म्हणालो होतो, "बघा, आजच पैसे जमा होतील."

नव्या पद्धतीत नकारही त्याच वेगाने येतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आम्हाला तो कळला बुधवारी, ८ तारखेला. बाबा पासबुक भरायला गेले, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी चेकला टाचलेली छापील चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : फंड्स इन्सफिशियंट. रक्कम एक लाख वीस हजार.

चेक देणारे काका आमच्या शांती नगरमधलेच, पलीकडच्या सेक्टरमधले. मीरा रोडहून चर्चगेटला जाणारी सकाळची भाईंदर लोकल त्यांनी आणि बाबांनी वीसेक वर्षं बरोबर पकडली. मुलीच्या ॲडमिशनसाठी त्यांनी पैसे मागितले, बाबांनी खात्यातून दिले. लिहून काही घेतलं नव्हतं. दीड वर्षाने काकांनी स्वतःहून चेक आणून दिला होता.

"लीगल नोटीस पाठवू या," मी म्हणालो.

"वेडा आहेस का? नोटीस म्हणजे भांडण," बाबा म्हणाले. "रोज भाजी घेताना भेटतो तो मला. आणि दिवाळी तोंडावर आली आहे."

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. एखादी प्रक्रिया समोर आली की आधी तिचं डॉक्युमेंटेशन वाचायचं, ही सवय. नोटिशीचा नमुना शोधायला बसलो आणि चार रात्री कायद्याचा इतिहासच वाचत राहिलो. 'नोटीस म्हणजे भांडण' ही समजूत तपासून पाहायची होती. हा लेख त्या वाचनाचा.

*

चेक यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे हुंडी होती. पुण्याच्या सावकाराने काशीच्या आडत्यावर चिठ्ठी लिहायची : अमुक माणसाला इतके रुपये द्यावेत. यात्रेकरूने रोकड न बाळगता ती चिठ्ठी घेऊन प्रवास करायचा. पेशवाईत फौजेचा खर्च, खंडणीचे हप्ते, यात्रेचे पैसे असं सगळं हुंडीने फिरत होतं. त्यासाठी सावकार जी कटौती घेई तिला हुंडणावळ म्हणत. दाखवल्याबरोबर पैसे मिळतील ती दर्शनी हुंडी, ठरावीक दिवसांनी मिळतील ती मुदती हुंडी.

या व्यवहाराने मराठीला शब्द दिले आहेत. हुंडी मान्य करणं म्हणजे ती सकारणं, परत पाठवणं म्हणजे नकारणं. बाजारात पत असलेल्या शहालाच जिचे पैसे द्यायचे ती शहाजोग हुंडी. आज आपण 'शहाजोग' म्हणतो ते टोमणा मारायला, वरवर साळसूद दिसणाऱ्या माणसाला. एकेकाळी पतीची खूण असलेल्या शब्दाचा असा प्रवास झाला.

हुंडी नकारली गेली तर काय, याचीही सोय होती. नकार येईल अशी शंका असली तर हुंडी लिहिणारा तिच्यासोबत जिकरी चिठ्ठी द्यायचा. ती त्याच गावातल्या दुसऱ्या एखाद्या ओळखीच्या पेढीच्या नावे असे : पहिल्याने पैसे दिले नाहीत तर माझी अब्रू राखून तुम्ही द्या. हुंडी हरवली तर पेठ म्हणजे तिची दुसरी प्रत मिळे, तीही हरवली तर परपेठ. माझ्या भाषेत सांगायचं तर पहिला सर्व्हर बंद पडला तर दुसरा तयार. यामागे साधा हिशेब होता. एका नकाराने सावकाराची पेढी बुडाली, तर तिच्यावर विसंबून असलेल्या दहा पेढ्या बुडतील. म्हणून नकार आणि बदनामी यांच्यामध्ये एक पायरी ठेवलेली असे.

नरसी मेहतांची गोष्ट आपण कीर्तनात ऐकलेली असते. महिपतींच्या 'भक्तविजया'तही ती आहे. यात्रेकरूंनी हुंडी मागितली आणि पेढी नसलेल्या नरसींनी द्वारकेच्या सावळशा शेठच्या नावे लिहून दिली. द्वारकेत असा कुणी शेठच नव्हता. यात्रेकरू गावभर हिंडले आणि शेवटी देवच शेठ होऊन आला, पैसे मोजून गेला. भक्तीची गोष्ट म्हणून ती थोर आहेच. पण मला आता तिच्यात गावभर हिंडणारे ते यात्रेकरूही दिसतात. हातात कागद आहे, कागदावर रक्कम आहे आणि पैसे देणारा सापडत नाही.

*

इंग्रजी अमलात मुंबईने हा अनुभव फार मोठ्या प्रमाणावर घेतला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१पासून तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर कंपन्या निघाल्या, शेअर्सचे वायद्याचे सौदे झाले. १८६५मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. १ जुलै १८६५ला वायदे पुरे करायचे होते. शहरातल्या मोठमोठ्या नावांच्या सह्या त्या दिवशी निव्वळ कागद ठरल्या. बँक ऑफ बॉम्बेही या धक्क्यातून सावरली नाही. १८६८मध्ये ती गुंडाळून त्याच नावाने नवी बँक काढावी लागली.

याच सुमाराला, १८६६मध्ये, विधी आयोगाने हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि चेक यांच्यासाठी कायद्याचा मसुदा तयार केला. पुढच्या वर्षी तो विधिमंडळात मांडला गेला, पण व्यापाऱ्यांनी हरकती घेतल्या. १८७७मध्ये पुन्हा लिहिला गेला, पुन्हा तपासला गेला आणि अखेर १८८१मध्ये निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट मंजूर झाला. सरकारी मराठीत परक्राम्य संलेख अधिनियम. १ मार्च १८८२पासून तो लागू आहे. आज आपण बोटाने स्कॅन करून पैसे पाठवतो, पण चेकला लागू होणारा मूळ कायदा तोच. त्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या कागदांच्या स्थानिक रिवाजांना हात लावलेला नाही. म्हणजे हुंडी आपल्या चालीने चालत राहिली.

नोटीस या कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. ९३ ते ९८ ही कलमं तिच्याबद्दलच आहेत. पण तिचं काम वेगळं होतं. हुंडी किंवा चेक हातोहात फिरायचा. मागे सही करून एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला द्यायचा. शेवटच्याला पैसे मिळाले नाहीत तर साखळीतल्या आधीच्या माणसांना तसं कळवणं बंधनकारक होतं. कळवलं नाही तर त्यांच्यावरची जबाबदारी सहसा संपायची. ही नोटीस तोंडी दिली तरी चालायची. तिचा मजकूर इतकाच : कागद परत आला आहे, तुमच्याकडे येऊ शकतो, सावध राहा. तिच्यात धमकी नव्हती, कारण धमकी द्यायला हातात काही नव्हतंच. चेक परत जाणं हा त्या कायद्यात गुन्हा नव्हता.

आणखी एक गंमत. चेक बाउन्सचं नाव ज्याच्याशी कायमचं जोडलं गेलं ते कलम १३८, मूळ कायद्यात नोटरींबद्दल होतं. १९५२मध्ये नोटरींसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि १३८, १३९ हे क्रमांक रिकामे पडले. जुन्या कोडमधलं बंद झालेलं फंक्शन काढून त्याच नावाने भलतंच फंक्शन लिहावं, तसं पुढे झालं.

*

१९८९पर्यंत चेक परत आला तर दोन वाटा होत्या. एक दिवाणी दावा, तो वर्षानुवर्षं चालायचा. दुसरी, भारतीय दंड संहितेतलं प्रसिद्ध कलम ४२०. पण फसवणूक सिद्ध करायची तर व्यवहार झाला तेव्हाच समोरच्याच्या मनात खोट होती, हे दाखवावं लागायचं. "तेव्हा द्यायचेच होते, नंतर अडचण आली," असं कुणी म्हटलं की प्रकरण लटकायचं. परिणाम असा की बाजारात चेक घ्यायला लोक बिचकत. रोकड आण, नाहीतर डिमांड ड्राफ्ट आण.

चेकवरचा विश्वास वाढावा म्हणून संसदेने १९८८मध्ये दुरुस्ती केली. रिकाम्या पडलेल्या १३८ क्रमांकावर नवं कलम आलं आणि ते १ एप्रिल १९८९पासून लागू झालं. खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत गेला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. मनात काय होतं हे सिद्ध करायची गरज उरली नाही. उलट चेक देण्यासाठी दिला होता, हे न्यायालय आधी गृहीत धरतं. नव्हता, हे दाखवण्याची जबाबदारी देणाऱ्यावर.

हे वाचून बाबांचं म्हणणं मला पटू लागलं होतं. असलं कलम ज्या लिफाफ्यातून जातं तो भांडणाचाच लिफाफा. पण कलम शेवटपर्यंत वाचलं तेव्हा एक गोष्ट अडकली. चेक परत आला त्या क्षणी गुन्हा होत नाही. आधी घेणाऱ्याने लेखी नोटीस देऊन पैसे मागायचे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस थांबायचं. त्या पंधरा दिवसांत पैसे आले, तर गुन्हा घडलाच नाही. खटला नाही, पोलीस नाही, काही नाही. पंधरा दिवस संपूनही पैसे आले नाहीत तर मगच तक्रार करता येते, तीही पुढच्या एका महिन्याच्या आत.

चोरी केली, नंतर वस्तू परत दिली, तरी चोरी ही चोरीच असते. इथे कायदा स्वतः थांबतो. पगार उशिरा झाला, खात्याचा अंदाज चुकला, बँकेने हप्ता आधी कापला, अशा माणसाला गुन्हेगार होण्याआधी एकदा हाक मारायची, असं तो सांगतो. जिकरी चिठ्ठीने जे काम केलं तेच हे : नकार आणि बदनामी यांच्यामध्ये एक पायरी. म्हणजे नोटीस ही खटल्याची सुरुवात नसून, खटला टाळण्याची कायद्याने दिलेली शेवटची सवड आहे. कागदावर तरी.

*

प्रत्यक्षात पळापळ सुरू झाली ती नोटिशीभोवतीच. पंधरा दिवस नोटीस 'मिळाल्यापासून' मोजायचे, म्हणजे ती मिळालीच नाही तर? पोस्टमन दारात आला की घराला कुलूप. लिफाफे शेरे घेऊन परत येऊ लागले : घर बंद, पत्त्यावर नाही, घेण्यास नकार. सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये के. भास्करन प्रकरणात आणि २००७मध्ये सी. सी. अलावी हाजी प्रकरणात ही पळवाट बुजवली. बरोबर पत्त्यावर टपालाने पाठवली असेल तर नोटीस पोचली असं धरता येतं. ज्याला ती खरंच मिळाली नाही, त्याने न्यायालयाचं समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावेत. सवड अशी पुन्हा एकदा दिली, पण लपून बसणाऱ्याला तिचा फायदा मिळू दिला नाही.

घेणाऱ्यालाही वेळ कमी पडत होता. मूळ कलमात चेक परत आल्याचं कळल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवावी लागे. २००२च्या दुरुस्तीने, म्हणजे फेब्रुवारी २००३पासून, ते तीस दिवस झाले. कैदेची मर्यादाही दोन वर्षं झाली. पुढे २०१८मध्ये खटला चालू असतानाच वीस टक्क्यांपर्यंत रक्कम देववण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला.

मग प्रश्न आला, खटला कुठे चालवायचा? भास्करन निकालाने पाच पर्याय दिले होते. चेक जिथे लिहिला, जिथे भरला, जिथे परत गेला, जिथून नोटीस दिली, जिथे पैसे थकले, यांपैकी कुठेही. त्यामुळे मोठ्या कंपन्या आपल्या सोयीच्या शहरातून नोटीस पाठवून दूरच्या कर्जदाराला तिथे खेचू लागल्या. हे थांबलं ते महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात : दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल १ ऑगस्ट २०१४. तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, चेक ज्या शाखेवर काढला आहे तिथल्याच न्यायालयात खटला. देशभरातल्या असंख्य तक्रारी, ज्यांत साक्षीपुरावा सुरू झाला नव्हता त्या, परत दिल्या गेल्या : तीस दिवसांत योग्य गावी जाऊन दाखल करा. आता त्रास उलट बाजूला गेला. पैसे बुडालेल्या माणसाने बुडवणाऱ्याच्या गावी चकरा मारायच्या. वर्षभरात सरकारने वटहुकूम काढला आणि १५ जून २०१५पासून नियम बदलला. तुम्ही चेक तुमच्या खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे, तिथलं न्यायालय.

आमच्यासाठी याचा अर्थ मीरा रोड. पण तिथेही काळ बदलला आहे. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, आणि २०२५च्या मार्चपर्यंत अशा कामासाठी शांती नगरच्या माणसाला ठाण्याचं कोर्ट गाठावं लागे. म्हणजे घोडबंदर रोडची ट्रॅफिक आणि एका तारखेसाठी अख्खी रजा. मार्च २०२५मध्ये हाटकेश भागात न्यायालय सुरू झालं. आता कोर्टात रिक्षाने जाता येतं. मी बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जवळ आलं म्हणून जायचंच असं थोडंच आहे?"

*

त्यांचं बरोबर होतं. आकडे पाहिले की कळतं. २००८च्या अहवालात विधी आयोगाने देशात चेक बाउन्सचे अडतीस लाखांहून जास्त खटले पडून असल्याचं नोंदवलं होतं. २०१९च्या अखेरीस सगळ्या प्रलंबित फौजदारी खटल्यांची संख्या दोन कोटी एकतीस लाख होती. त्यांतले पस्तीस लाख सोळा हजार एकट्या कलम १३८चे. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला तो गुजरातमधल्या एका प्रकरणावरून. एक लाख सत्तर हजारांचे दोन चेक, जानेवारी २००५मध्ये परत आलेले, आणि वाद सोळा वर्षं तसाच. रक्कम आमच्यापेक्षा फार जास्त नव्हती. त्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल इंजिनीअर होऊन नोकरीला लागायच्या बेतात येईल, इतका वेळ त्या चेकनी खाल्ला.

पंधरा दिवसांत जे व्हायचं ते झालं नाही की पंधरा वर्षं लागू शकतात, हा या इतिहासाचा कडू भाग. चेकला पत यावी म्हणून संसदेने त्याला तुरुंगाची भीती जोडली आणि वसुलीचं काम फौजदारी न्यायालयांच्या दारात येऊन पडलं. मार्च २०२१मध्ये न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी एका निकालात या खटल्यांना लांडग्याच्या कातड्यातली मेंढी म्हटलं. वरून फौजदारी, आतून दिवाणी. घेणाऱ्याला समोरच्याला तुरुंगात पाठवायचं नसतं, पैसे हवे असतात.

म्हणून न्यायालयांनी सवड पुन्हा पुन्हा मागे आणली आहे, आणि यातल्या दोन वाटा गोव्यातून गेल्या. २०१०मध्ये दामोदर प्रभू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तडजोडीचं वेळापत्रकच घालून दिलं. पहिल्या एक-दोन तारखांना मिटवलं तर काही भुर्दंड नाही. नंतर मिटवलं तर चेकच्या रकमेच्या दहा टक्के, वरच्या न्यायालयात पंधरा, सर्वोच्च न्यायालयापर्यंत ताणलं तर वीस. २५ सप्टेंबर २०२५ला, म्हणजे आमचा चेक परत यायच्या दोन आठवडे आधी, संजाबिज तारी विरुद्ध किशोर बोरकर या प्रकरणात तेच न्यायालय पुढे गेलं. मूळ वाद होता मित्राला दिलेल्या सहा लाखांचा. निकालात हे टक्के कमी केले, समन्स ईमेल आणि मेसेजनेही पाठवा म्हणून सांगितलं, आणि आरोपीला सुरुवातीलाच ऑनलाइन पैसे भरता येतील अशी सोय करा म्हटलं. मुंबईच्या न्यायालयांत तेव्हा असे एक लाख सतरा हजारांवर खटले पडून होते.

*

आता मला नोटीस लिहायची होती. ती वकिलानेच पाठवावी अशी कायद्यात अट नाही. चेक घेणाऱ्याने लेखी दिली तरी पुरते. नेटवर मिळालेले नमुने इंग्रजीत होते आणि सगळ्यांत पहिल्या परिच्छेदापासून समोरचा लबाड होता. 'बेइमान हेतूने', 'जाणूनबुजून', 'कठोर कारवाई', 'सर्व परिणामांस जबाबदार'. यातल्या एकाही शब्दाची कलम १३८ला गरज नाही. चेकचा नंबर, तारीख, बँक, रक्कम, चेक का परत आला, पैसे कशाचे होते, आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ते द्यावेत, एवढं पुरतं. नोटीस म्हणजे भांडण हे बाबांना वाटत होतं ते कायद्यामुळे नव्हे, या नमुन्यांमुळे.

रकमेच्या बाबतीत मात्र चूक चालत नाही. १९ सप्टेंबर २०२५च्या कावेरी प्लास्टिक्स प्रकरणाच्या निकालात एक कोटीच्या चेकसाठी नोटिशीत दोन कोटी लिहिलं गेलं होतं. टायपिंगची चूक आहे, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने ऐकला नाही. चेकवर जी रक्कम तीच नोटिशीत हवी. एका आकड्याने अख्खा प्रोग्राम पडलेला मी पाहिला आहे, त्यामुळे हा निकाल मला लगेच समजला. एक लाख वीस हजार मी तीनदा तपासले, आकड्यात आणि अक्षरात.

मी नोटीस मराठीत लिहिली. एक पान. सुरुवात 'सप्रेम नमस्कार'ने केली आणि मुद्दे नंबर घालून मांडले. बाबांनी वाचली. एक वाक्य त्यांनी स्वतः घातलं : 'काही अडचण असल्यास या मुदतीत येऊन बोलावे.' मग सही करताना म्हणाले, "दिवाळी होऊन जाऊ दे."

मी कॅलेंडर काढलं. आम्हाला कळलं ८ ऑक्टोबरला. १९८९चाच नियम राहिला असता तर पंधरा दिवस २३ ऑक्टोबरला संपले असते. त्या दिवशी भाऊबीज होती. २००२च्या दुरुस्तीमुळे आमच्याकडे ७ नोव्हेंबरपर्यंत वेळ होता. खासदारांनी ती दुरुस्ती काही आमच्या दिवाळीसाठी केली नव्हती, पण आमच्या घरात तिचा उपयोग असा झाला. फराळाचं ताट दरवर्षीसारखं काकांकडे गेलं आणि त्यांच्याकडून आलं. बाबा त्यांच्याशी नेहमीसारखं बोलले. मला ते जमलं नाही.

सोमवारी, २७ ऑक्टोबरला मी पोस्टात गेलो आणि सवयीने "रजिस्टर एडी" म्हणालो. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, रजिस्टर आता वेगळं नाही. ते स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. कायद्याच्या कागदांशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेला तो शब्द आमच्या नोटिशीच्या थोडंच आधी गेला होता. दुसऱ्या दिवशी फोनवर दिसलं : डिलिव्हर्ड. मुदत १२ नोव्हेंबरपर्यंत.

पहिले दहा दिवस काही नाही. भाजीवाल्याकडे काका दिसले नाहीत. बाबा काही बोलत नव्हते, पण संध्याकाळी खाली उतरणं त्यांनी बंद केलं होतं. मला वाटू लागलं, मी इतिहास वाचून स्वतःची समजूत घातली आणि वडिलांचा मित्र घालवला.

९ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, काका आले. आईने पाणी दिलं. ते बाबांकडे न बघता मला म्हणाले, "मराठीत लिहिलंस ते बरं केलंस. घरात सगळ्यांना समजलं." हा टोमणा होता की आभार, मला अजून ठरवता आलेलं नाही. मग त्यांनी बाबांच्या मोबाइलवर सत्तर हजार पाठवले आणि उरलेल्या पन्नास हजारांचा नवा चेक टेबलावर ठेवला, तारीख १० जानेवारी २०२६. जुना चेक परत मागितला.

मी बाबांना आत बोलावलं. हिशेब सोपा होता. जुना चेक आणि मेमो हातात ठेवले तर १२ डिसेंबरच्या सुमारापर्यंत तक्रार करता येते, कारण पूर्ण रक्कम आलेली नाही. परत दिले तर ती वाट बंद. नवा चेक परत आला तर सगळं पहिल्यापासून : मेमो, तीस दिवस, नोटीस, पंधरा दिवस. "निदान डिसेंबरपर्यंत तरी जुना देऊ नका," मी म्हणालो.

बाबांनी ऐकून घेतलं. बाहेर जाऊन जुना चेक, मेमोसकट, काकांच्या हातात दिला. "तू पंधरा दिवसांच्या आत आलास," एवढंच म्हणाले.

हे लिहितोय तेव्हा डिसेंबर चालू आहे. नवा चेक बाबांच्या कपाटात, पासबुकाखाली आहे. चेक तीन महिने चालतो, म्हणून १० जानेवारीपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या सगळ्या तारखा मी फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवल्या आहेत. बाबांनी कसलाच रिमाइंडर लावलेला नाही. ते संध्याकाळी पुन्हा खाली जायला लागले आहेत.